ए-लेव्हल फाइन आर्ट: दोन वर्षांचं काम कोणत्या क्रमाने करावं

दर वर्षी मार्चच्या सुमारास ओळखीतल्या मराठी पालकांचे मला फोन सुरू होतात. फोनच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आलेला असतो: स्वच्छ कडांचं, छान रंगवलेलं एक पूर्ण चित्र. "ताई, चित्र इतकं सुंदर झालंय, मग शाळा सी ग्रेड का म्हणतेय?" मी विचारते, याच्या आधीची पानं कुठे आहेत? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. ती बिघडली होती, फाडून टाकली.

गुण त्या फाडलेल्या पानांवर होते.

मी इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांना ए-लेव्हलची (विद्यापीठाआधीच्या दोन वर्षांच्या परीक्षेची) चित्रकला शिकवते. लहानपणी आपल्याकडच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा मी दिल्या आहेत, त्यामुळे ही चूक कुठून येते ते मला ठाऊक आहे. तिथे प्रत्येक पेपरला ठरलेल्या तासांत एक कागद पूर्ण करायचा असतो आणि तपासणाऱ्यापुढे तेवढाच कागद जातो. इथे तपासणाऱ्यापुढे मुलाची सगळी वाट जाते: पहिलं वेडंवाकडं रेखाटन, फसलेला प्रयोग, बदललेला विचार, आणि मग शेवटचं चित्र. लेख पालकांसाठी आहे, पण मराठी वाचणाऱ्या मुलांनी तो स्वतःच वाचला तर अधिक चांगलं.

## आधी गुणांचा हिशेब

आकडे एक्यूए या परीक्षा बोर्डाचे देते. एडेक्सेल, ओसीआर आणि एदुकास या बोर्डांतही ६०-४० ही वाटणी आणि १५ तासांची परीक्षा आहे. निबंधाचे नियम आणि एकूण गुण मात्र वेगळे आहेत, म्हणून पहिल्याच आठवड्यात बोर्ड कोणतं ते शाळेला विचारा. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, ती इथे धरलेली नाही.

पहिला भाग म्हणजे पर्सनल इन्व्हेस्टिगेशन. मुलाने स्वतः निवडलेल्या विषयावर कित्येक महिने चालणारं काम, आणि त्याला जोडून १००० ते ३००० शब्दांचं लेखन. याचं वजन ६० टक्के. दुसरा भाग बोर्डाने दिलेल्या प्रश्नावरचा. प्रश्नपत्रिका १ फेब्रुवारीला हातात पडते, तयारीला काही आठवडे मिळतात आणि शेवटी शाळेत देखरेखीखाली १५ तास काम करायचं. याचं वजन ४० टक्के. तीन तासांचा लेखी पेपर वगैरे काही नसतो.

दोन्ही भाग प्रत्येकी ९६ गुणांचे, आणि ते चार निकषांवर समान, म्हणजे २४-२४ असे वाटलेले:

१. इतर कलाकार आणि संदर्भ अभ्यासून स्वतःची कल्पना वाढवणं.
२. वेगवेगळी साधनं आणि तंत्रं वापरून बघणं, त्यातून निवडणं, सुधारणं.
३. जे पाहिलं, सुचलं ते नोंदणं: रेखाटनातून, फोटोंतून, शब्दांतून.
४. या सगळ्यातून स्वतःचं असं शेवटचं काम उभं करणं.

शेवटचं चित्र प्रामुख्याने चौथ्या निकषात मोजलं जातं. ते कितीही देखणं असलं तरी बाकीचे तीन निकष रिकामे असतील तर गुण येणार कुठून? हे चार निकष घरात फ्रिजवर लावून ठेवा. मी प्रत्येक बॅचला हेच पहिलं काम देते.

## टप्पा १: प्रवेशाआधीचा उन्हाळा

जीसीएसईची, म्हणजे सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालान्त परीक्षेची, गडबड जूनमध्ये संपते आणि वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होतात. मधल्या दहा-अकरा आठवड्यांत तीन कामं उरकायची.

शाळा नेमकं कोणतं नाव शिकवते ते तपासा. आर्ट अँड डिझाइन या एका छत्राखाली फाइन आर्ट, ग्राफिक कम्युनिकेशन, टेक्स्टाइल डिझाइन, थ्री-डायमेन्शनल डिझाइन आणि फोटोग्राफी अशी वेगवेगळी नावं आहेत. काही शाळा आर्ट, क्राफ्ट अँड डिझाइन हे मिश्र नाव घेतात. फाइन आर्ट म्हणजे फक्त तैलरंग नव्हे. त्यात छापचित्र, शिल्प, इन्स्टॉलेशन, चलत्‌चित्र हे सगळं बसतं.

जीसीएसईमध्ये कला नसेल तर शाळा कामाचे नमुने मागू शकते. अशा वेळी पूर्ण चित्रं दोन-तीन पुरेत. बाकी प्रत्यक्ष बघून केलेली रेखाटनं न्या: स्वयंपाकघराचा ओटा, बसस्टॉपवरची माणसं, स्वतःचा डावा हात.

तिसरं काम सवयीचं. रोज वीस मिनिटं, समोर असलेली वस्तू बघून रेखाटन. खोडरबर न घेता. चुकलेली रेषा तशीच ठेवून शेजारी बरोबर रेषा ओढायची. ग्रेड परीक्षांच्या तयारीतून आलेल्या मुलांना हेच सर्वांत जड जातं, कारण कागद स्वच्छ राहिला पाहिजे हे त्यांच्या हातात बसलेलं असतं.

खरेदी थोडीच करा. ए३ आकाराची, साधारण १५० जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप) कागदाची एक जाड वही, २बी ते ६बी पेन्सिली, विलो चारकोल, काळी शाई, एक जाड आणि एक बारीक ब्रश, पीव्हीए गोंद. महागडे रंगसंच आधीच घेऊ नका. कोणतं माध्यम हाताला बसतं ते पहिल्या सत्रात कळतं. पैशाची ओढाताण असेल तर शाळेत १६ टू १९ बर्सरी फंड या आर्थिक मदतीबद्दल नक्की विचारा. तो अशाच खर्चासाठी असतो आणि मागायला संकोच करू नये.

सावध: चौथा हलका विषय म्हणून कला घेऊ नका. वर्गातले आठवड्याचे चार-पाच तास आणि घरी जवळपास तितकेच, असं हे दोन वर्षं चालतं. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री आणि वर कला असा भार काही मुलं छान पेलतात, पण वेळापत्रक कागदावर मांडून बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

## टप्पा २: पहिलं सत्र, हात मोकळा करणं

सप्टेंबर ते ख्रिसमस या काळात बहुतेक शाळा तंत्रांची ओळख करून देतात: चारकोल, मोनोप्रिंट (एकच प्रत निघणारा छाप), लिनोकट (लिनोलियम कोरून घेतलेला ठसा), ड्रायपॉइंट (पत्र्यावर सुईने ओरखडून घेतलेला छाप), ॲक्रिलिक, थोडं प्लॅस्टर. प्रत्येक तंत्र कमीत कमी तीनदा करायचं. पहिल्यांदा शिकवलं तसं, दुसऱ्यांदा काहीतरी बदलून, तिसऱ्यांदा दुसऱ्या एखाद्या तंत्रात मिसळून. लिनोचा ठसा जुन्या वर्तमानपत्रावर घेतला, मोनोप्रिंटवर शाईची रेषा ओढली, असं. प्रत्येकाच्या शेजारी दोन ओळी: काय केलं, काय झालं.

सावध: लिनो कापताना दुसरा हात पात्याच्या मागेच हवा, लिनो थोडा कोमट केला तर पातं घसरत नाही. चारकोल पुसू नये म्हणून मारायचं फिक्सेटिव्ह घराबाहेर फवारा. टर्पेंटाइन झोपायच्या खोलीत उघडूच नका.

## टप्पा ३: विषय निवडणं

पर्सनल इन्व्हेस्टिगेशन बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाच्या फेब्रुवारी ते ईस्टरच्या दरम्यान सुरू होतं. इथे आपल्या मुलांची एक ठरलेली चूक होते. ती विषय घेतात "माझी संस्कृती" किंवा "माझी ओळख". मग पहिल्या पानावर इंटरनेटवरून घेतलेले गणपती, पैठणीचा मोर, गेटवे ऑफ इंडिया, वारी. पुढची वीस पानं त्याच चित्रांच्या नकला. विषय इतका मोठा की त्यात बघायला काहीच हाती लागत नाही.

एक उदाहरण जवळून सांगते. अकराव्या वर्षी नाशिकहून इथे आलेली माझी एक विद्यार्थिनी याच "माय कल्चर"मध्ये तीन आठवडे अडकली होती. मी तिला म्हटलं, घरातली रोज हात लागते अशी एक वस्तू घेऊन ये. तिने आईचा मसाल्याचा डबा आणला. स्टीलचा, झाकणाला एका बाजूला पोचा आलेला, आत सात वाट्या, आणि हळदीच्या वाटीची कड कायमची पिवळी पडलेली.

पहिलं रेखाटन तिने वरून केलं, कंपास घेऊन. सगळी वर्तुळं अचूक आणि चित्र निर्जीव. दुसरं खुर्चीवर बसून, नजरेच्या किंचित खाली डबा ठेवून. त्यात मागच्या वाट्यांची लंबवर्तुळं पुढच्यांपेक्षा जास्त उघडी झाली होती. तिने ते खोडलं नाही, शेजारी लिहिलं: "मागची वाटी नजरेच्या पातळीजवळ येते म्हणून चपटी दिसायला हवी. मी तिला गोल 'माहीत आहे' म्हणून गोल काढलं." त्या दोन वाक्यांनी तिसऱ्या निकषात तिला जे मिळालं ते दहा सुबक चित्रांनी मिळालं नसतं. तिसऱ्या रेखाटनात वाट्या काढल्याच नाहीत, वाट्यांमधल्या वाकड्या तिकोनी रिकाम्या जागा तेवढ्या चारकोलने भरल्या. चौथ्या पानावर हळदीचं पाणी कागदावर ओतलं, अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि पान खिडकीत ठेवलं. हळदीचा रंग उजेडात उडतो. दोन आठवड्यांनी झाकलेला भाग पिवळा होता आणि उघडा भाग जवळजवळ कोरा.

तिचा विषय तिथे सापडला: वापराने राहतं काय आणि उडून जातं काय. मराठी बोलणं आपल्या तोंडून कमी होत चाललंय, हेही तिने त्या पानाच्या कडेला लिहिलं होतं. "संस्कृती" हा शब्द नंतर तिच्या वहीत फारसा आलाच नाही.

विषय ठरवताना मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगा. ही गोष्ट मी रोज जाऊन प्रत्यक्ष बघू शकतो का? तिच्यावर निदान दोन कलाकारांनी वेगवेगळ्या तऱ्हेने काम केलंय का? सहा महिन्यांनी माझं उत्तर बदलू शकेल असा प्रश्न यात आहे का? तीनपैकी एकालाही "नाही" आलं तर विषय अजून लहान करा.

तपासून बघा: विषय एका वाक्यात, प्रश्नाच्या रूपात लिहिता येतो का? "पाणी" हा विषय झाला नाही. "वाहत्या पाण्याचं चित्र स्थिर कागदावर काढताना काय काय हरवतं?" यावर काम सुरू करता येतं.

## टप्पा ४: वही

सगळ्यात जास्त गुण इथे जातात आणि इथेच मिळवता येतात. कामाचा क्रम असा ठेवा:

१. प्रत्यक्ष बघून चार-पाच रेखाटनं, वेगवेगळ्या कोनांतून, वेगवेगळ्या साधनांनी. सोबत स्वतः काढलेले फोटो.
२. त्यातलं एक निवडून त्यावर तंत्राचे तीन-चार प्रयोग.
३. एका कलाकाराचं काम बघून त्याची पद्धत आपल्या वस्तूवर लावून बघणं.
४. काय जमलं, काय नाही, पुढे काय करणार, हे चार-पाच ओळींत.
५. त्या "पुढे काय" मधून पुन्हा पहिल्या पायरीकडे, नव्या प्रश्नासह.

हे चक्र आठ-नऊ महिन्यांत पाच-सहा वेळा फिरायला हवं. चौथी पायरी गाळली की चक्र थांबतं आणि पानं नुसती साठत जातात.

पानावर लिहायचं काय, हे बहुतेकांना कळत नाही. "मला हे चित्र काढायला मजा आली, पुढच्या वेळी अजून चांगलं करीन" याला काहीच किंमत नाही. "शाई ओल्या कागदावर पसरली आणि डब्याची कड विरघळली. पोचा आलेली बाजू त्यामुळे मऊ वाटते, धातू वाटत नाही. उद्या कोरड्या ब्रशने करून बघणार" याला किंमत आहे. पहिल्यात भावना आहे, दुसऱ्यात निरीक्षण, कारण आणि पुढचं पाऊल. भाषा साधी असली तरी चालते, इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं.

नेहमीच्या चुका सांगते. शीर्षकं रंगीत फुगीर अक्षरांत सजवण्यात संध्याकाळ घालवणं. सजावटीला गुण नाहीत. पिंटरेस्टवरचा फोटो बघून तंतोतंत पोर्ट्रेट काढणं. हात तयार असल्याचं दिसतं, पण स्वतः पाहिल्याचं दिसत नाही. तारीख न घालणं. वही शेवटच्या महिन्यात "भरणं". सगळी पानं एकाच शाईत, एकाच हाताने, एकाच मनःस्थितीत लिहिलेली असली की शिक्षकाला ते पहिल्या मिनिटात दिसतं. आणि पानं फाडणं. फसलेलं पान फार वाईट वाटत असेल तर त्यावर पांढऱ्या इमल्शनचा (भिंतीच्या रंगाचा) हात मारा आणि त्यावरच पुढचं काम करा, खालचं थोडं दिसत राहू द्या. चित्रकार फ्रँक ऑअरबाक पोर्ट्रेटचं चारकोल रेखाटन पुन्हा पुन्हा पुसून नव्याने काढत असे, कागद घासून फाटला की ठिगळ लावून पुढे जात असे. ती ठिगळं त्या चित्रांमध्ये आज डोळ्यांना दिसतात.

एआयबद्दल स्पष्ट सांगते, कारण विचारणा फार होते. एआयने बनवलेली प्रतिमा वा मजकूर न सांगता वापरणं हा परीक्षेतला गैरप्रकार धरला जातो. वापरलंच तर कुठे आणि कसं ते वहीत लिहायलाच हवं, आणि त्या भागाला मुलाचं स्वतःचं काम म्हणून गुण मिळत नाहीत.

तपासून बघा, दर महिन्याच्या शेवटी: वही कुठेही उघडा. मुलाला न विचारता तुम्हाला कळतं का, की हे पान आधीच्या पानातून कसं आलं? कळत नसेल तर मधला दुवा वहीत लिहिलेला नाही.

## टप्पा ५: कलाकारांचा अभ्यास आणि निबंध

"जॉर्जो मोरांडीचा जन्म १८९० मध्ये बोलोन्यात झाला" अशी सुरुवात असलेले निबंध मी शेकड्याने वाचले आहेत. चरित्राला गुण नाहीत. बाटल्यांची चित्रं काढणारा तोच इटालियन चित्रकार मोरांडी माझ्या डब्याच्या विद्यार्थिनीच्या वहीत असा आला: "याच्या बाटल्या इतक्या जवळ उभ्या आहेत की दोघींमधली फट नाहीशी होऊन एकच आकार होतो. मी वाट्या तशा सरकवून बघितल्या. स्टील चमकतं म्हणून फट जात नाही, उलट तिथे दुसऱ्या वाटीचं प्रतिबिंब येतं. म्हणून मी चमक घालवायला वाट्यांना पीठ फासलं." लंडनच्या एस्टोरिक कलेक्शनमध्ये मोरांडीची रेखाटनं आणि एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावरून घेतलेली छापचित्रं) आहेत, तिथे जाऊन आल्यावरचं हे पान.

दुसरी कलाकार तिने घेतली रेचल व्हाइटरीड, जिने १९९३ मध्ये लंडनमधल्या एका घराची आतली पोकळी काँक्रीटमध्ये ओतून उभी केली होती. हिने वाट्यांमधल्या रिकाम्या जागा प्लॅस्टरमध्ये ओतल्या. कलाकार निवडायचा तो असा, त्याच्याकडून उचलण्यासारखी एखादी कृती असली पाहिजे.

आपल्याकडचे संदर्भ घ्यावेत, पण काम असेल तरच. गोव्यात जन्मलेला आणि १९४९ मध्ये लंडनला आलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा जाड काळ्या रेषेसाठी अभ्यासण्यासारखा आहे. त्याचं १९५९ चं 'क्रुसिफिक्शन' टेट या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या त्या नकला आहेत, ज्या जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ च्या दरम्यान केल्या. नक्कल, झीज, मूळ हरवणं असा विषय असेल तर याहून जवळचा संदर्भ मिळणार नाही. संग्रहात असलेलं काम भिंतीवर असेलच असं नाही, निघण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या.

छापील पुस्तकात दिसत नाही ते प्रत्यक्षात दिसतं, म्हणून निदान तीन भेटी हव्यात. लंडनमधल्या मोठ्या सरकारी संग्रहालयांच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. ब्रिटिश म्युझियमच्या प्रिंट्स अँड ड्रॉइंग्ज स्टडी रूममध्ये आणि ऑक्सफर्डच्या ॲशमोलियनच्या प्रिंट रूममध्ये आधी वेळ ठरवून मूळ रेखाटनं समोर टेबलावर मागवता येतात. हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. एक शनिवार यासाठी काढा. तिथे फक्त पेन्सिल चालते, पेन नको.

निबंधाचा क्रम: आधी प्रश्न, मग दोन किंवा तीन कलाकृतींचं बारकाईने वाचन (रचना, रेषा, छटा, पोत, आकारमान, साधन), प्रत्येक वाचनानंतर "याचा माझ्या कामावर काय परिणाम झाला". संदर्भांची यादी शेवटी. शब्द हजाराच्या खाली जाता कामा नयेत. दीड ते दोन हजार शब्द सहसा पुरतात. लेखन चित्रांबरोबरच सुरू करा, दर भेटीनंतर अडीचशे शब्द. जानेवारीत एका बैठकीत लिहिलेला निबंध वहीशी जुळत नाही, आणि तो जुळणं हाच त्याचा उद्देश आहे.

## टप्पा ६: पहिल्या भागाचं शेवटचं काम

दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत वहीत एक दिशा दिसायला लागते. शेवटचं काम तेव्हा ठरवा, त्याआधी नाही. आधीच ठरवलेलं चित्र डोक्यात असलं की सगळे प्रयोग त्याकडे ढकलले जातात. आठ-दहा छोटे आराखडे, त्यातल्या दोनांचे रंगीत नमुने, मग प्रत्यक्ष काम. बहुतेक शाळांची मुदत जानेवारीत असते.

डब्याच्या मुलीने सात गोल पाट्या केल्या, प्रत्येकावर एका मसाल्याचा रंग, आणि त्या प्रकाशात उडू दिल्या. दर आठवड्याचा फोटो सोबत लावला.

## टप्पा ७: १ फेब्रुवारी ते परीक्षा

एक्यूएच्या प्रश्नपत्रिकेत आठ प्रश्न असतात, त्यातला एक निवडायचा. एडेक्सेल एकच व्यापक संकल्पना देतं. पहिल्या दिवशी निवड करू नका. आठवडाभर तीन प्रश्नांवर प्रत्येकी दोन पानं करा आणि ज्यावर हात आपोआप पुढे जातो तो घ्या.

इथून पुढे टप्पा ४ मधलं चक्रच फिरवायचं, फक्त वेळ कमी. ईस्टरची सुट्टी मध्ये येते आणि ती सगळी बाकीच्या विषयांच्या उजळणीत जाते, हे धरून चाला. ईस्टरच्या आधी दोन चक्रं पूर्ण झालेली हवीत.

सावध: देखरेखीखालचा पहिला तास सुरू झाला की तयारीचं काम तिथेच थांबतं. त्यानंतर वहीत एक ओळही वाढवता येत नाही. "परीक्षा झाल्यावर नोंदी लिहीन" असं ठरवलेल्या मुलांच्या नोंदी कायमच्या राहून जातात.

## टप्पा ८: पंधरा तास

हे तास सहसा काही दिवसांत विभागलेले असतात. पहिले तीन सलग असावे लागतात. दोन बैठकांच्या मधे काम शाळेत कुलूपबंद राहतं. तयारीची वही सोबत ठेवता येते, शिक्षक मदत करू शकत नाहीत.

परीक्षेआधी त्याच कागदावर वा कॅनव्हासवर, त्याच रंगांनी, शेवटच्या कामाचा एक कोपरा खऱ्या आकारात करून बघा आणि घड्याळ लावा. वीतभर जागेला दोन तास लागले तर पूर्ण चित्राचा हिशेब मुलाला स्वतःच कळेल, आणि आकार वेळेत कमी करता येईल. हे एक काम केलं तरी परीक्षेतली अर्धी धावपळ वाचते.

वेळेची ढोबळ वाटणी: पहिल्या तीन तासांत संपूर्ण पृष्ठभागावर मोठे आकार आणि मुख्य छटा. चौथ्या ते अकराव्या तासापर्यंत मुख्य काम. बारा ते चौदा बारकावे. शेवटचा तास मोकळा, काही बिघडलं तर सावरायला. एका कोपऱ्यापासून पूर्ण करत जाणारी मुलं चौदाव्या तासाला कोऱ्या कोपऱ्याशी पोचतात. तैलरंगाचा जाड थर दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो, त्यावर रंगवलं की सगळं मळतं. तैलरंग हवाच असेल तर पातळ थर, नाहीतर ॲक्रिलिक.

घरच्यांनी त्या दिवसांत डबा भरून द्यावा, जुने कपडे घालू द्यावेत आणि संध्याकाळी "आज किती झालं?" हे विचारू नये. मूल थकून येतं.

## टप्पा ९: मांडणी आणि सुपूर्द करणं

शाळेला बोर्डाकडे गुण ३१ मेपर्यंत पाठवावे लागतात, त्यामुळे शाळेची मुदत त्याआधीची असते. प्रत्येक सुट्या कागदामागे नाव, तारीख आणि कोणत्या भागाचं काम ते लिहा. पर्सनल इन्व्हेस्टिगेशन आणि दुसऱ्या भागाचं काम एकत्र होऊ देऊ नका. चारकोलच्या पानांमध्ये टिश्यू पेपर घाला. जाड वही मिटत नसेल तर बाहेर आलेल्या वस्तू काढून त्यांचा फोटो चिकटवा.

एकदा दिलेलं काम निकालाच्या फेरतपासणीची मुदत संपेपर्यंत शाळेकडेच राहतं. फाउंडेशन डिप्लोमा (पदवीआधीचा कलेचा अभ्यासक्रम), आर्किटेक्चर किंवा कलेच्या पदवीच्या मुलाखती मात्र बऱ्याचदा त्याआधीच येतात आणि पोर्टफोलिओ मागतात. म्हणून फोटो काम चालू असतानाच काढत जा: ढगाळ दिवशी खिडकीजवळ, फ्लॅश बंद, कागद भिंतीवर सरळ आणि कॅमेरा कागदाच्या बरोबर मध्यासमोर. वहीच्या जोडपानांचे फोटो अख्खे घ्या, एकेक चित्र कापून नाही, म्हणजे शेजारच्या नोंदीही त्यात येतात. शेवटच्या कामाचे तीन फोटो हवेत: पूर्ण, एक तपशील जवळून, आणि शेजारी माणूस उभा करून एक, आकार कळायला.